वेढ्यातल्या शहराला काय वाचवतं: आकाशातून पडणारे डबे की पल्ल्यातल्या तोफा?

भुईकोटाजवळचा

गेल्या रविवारी सोलापुरातल्या एका वाचनालयात वॉर्साच्या उठावावर व्याख्यान झालं. पाऊस असूनही खुर्च्या भरल्या होत्या. वक्ते तयारीने आले होते, नकाशे आणले होते. पण शेवटी ते म्हणाले, की मित्रराष्ट्रांनी आणखी दोन-तीनशे विमानं भरून शस्त्रांचे, मालाचे डबे टाकले असते तर वॉर्सा वाचलं असतं. टाळ्या पडल्या. मी हात वर करणार तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. ते वाक्य काही डोक्यातून जात नाही, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांनी हे वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ ऑगस्ट १९४४ रोजी संध्याकाळी पाच वाजता पोलंडच्या भूमिगत सेनेने वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव केला. सोव्हिएतांचं लाल सैन्य शहरालगतच्या विस्तुला नदीच्या जवळ येऊन ठेपलंय, थोडे दिवस तग धरला की सुटका, असा हिशेब होता. ते थोडे दिवस ६३ झाले. २ ऑक्टोबरला शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या. तोवर दीड ते दोन लाख नागरिक मेले होते. जे शहर उभं राहिलं होतं त्यातलंही बरंचसं जर्मनांनी नंतर घराघराला सुरुंग लावून पाडलं.

मदत आली ती इटलीतून. ब्रिंडिसी आणि फोज्जाच्या धावपट्ट्यांवरून पोलिश, ब्रिटिश आणि दक्षिण आफ्रिकी वैमानिक रात्री लिबरेटर, हॅलिफॅक्स विमानं घेऊन निघायचे. जाऊन-येऊन पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. खाली शहर पेटलेलं, धुरात नदीसुद्धा धड दिसायची नाही. तरी दीडशे-दोनशे मीटरपर्यंत खाली यायचं, वेग कमी करायचा आणि क्रासिन्स्की चौकासारख्या एखाद्या मोकळ्या तुकड्यावर पॅराशूटचे डबे सोडायचे. तीसपेक्षा जास्त विमानं यात गेली. मग १८ सप्टेंबरला अमेरिकेची शंभरावर बी-१७ विमानं दिवसाढवळ्या आली. चार-पाच हजार मीटरवरून त्यांनी सुमारे १,२८० डबे सोडले. उठाववाल्यांच्या हाती लागले तीनशेच्या आत. बाकीचे जर्मनांच्या ताब्यातल्या गल्ल्यांत पडले, कारण तोवर उठाववाल्यांच्या जमिनीचे तुकडे-तुकडे झाले होते. डबा वाऱ्याने चारशे मीटर सरकला की शत्रूचा.

आता सांगा, दोनशे विमानं जास्त आली असती तर काय झालं असतं? जर्मनांना आणखी हजारभर डबे मिळाले असते.

माझं म्हणणं असं की डबे शहराला जगवतात, सोडवत नाहीत. सोडवायचं असेल तर वेढा घालणाऱ्याच्या तोफा गप्प करणाऱ्या तोफा बाहेर, पल्ल्यात हव्यात. वॉर्साच्या बाबतीत त्या आल्याही होत्या. सप्टेंबरच्या मध्याला लाल सैन्याने प्रागा, म्हणजे नदीचा पूर्व काठ घेतला. मधे फक्त नदीचं पात्र. वॉर्साचा निकाल त्या काठावर लागला, आकाशात नाही.

मी रोज सकाळी आपल्या भुईकोटाच्या कडेने चालतो. मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने आधी पेठ घेतली, मग किल्ल्यावर तोफा लावल्या, आणि एवढा खंदक, एवढे बुरूज असलेला किल्ला काही दिवसांत पडला. त्या तटाखाली उभं राहिलं की पल्ल्यात आलेली तोफ म्हणजे काय हे कळतं.

नव्या पेठेतली शिक्षिका

भुईकोटवाले, मी त्या व्याख्यानाला होते, टाळ्याही वाजवल्या. तुमचं लिहिणं पटलं नाही, आणि का ते सांगते.

तुम्ही १८ सप्टेंबरचा एक दिवस उचललात आणि त्यावर सगळा हवाई पुरवठा निकालात काढलात. ऑगस्टचं काय? ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उठाववाल्यांकडे सलग मोहल्ले होते, चौक होते, डबे उतरवायला जागा होती. तेव्हा जे थोडे डबे आले त्यात रणगाडाभेदी पियाट होते. बाटलीत पेट्रोल भरून रणगाड्यावर फेकणाऱ्या पोरांच्या हातात पियाट आला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी रणगाडा थांबायला लागला. ६३ दिवसांतले किती दिवस त्या डब्यांचे आहेत, याचा विचार करा.

आणि तुमच्या तोफा कुठे होत्या? सहा आठवडे पल्ल्यातच नव्हत्या. माणसाला ताप १ तारखेला आला आणि वैद्य १५ तारखेला दारात उभा राहिला, तर मधल्या दिवसांत त्याला पेज पाजणाऱ्याला तुम्ही नावं ठेवणार?

खरा प्रश्न विमान की तोफ हा नाहीच. १६ ऑगस्टला मॉस्कोने अमेरिकेच्या राजदूताला स्पष्ट सांगितलं, की वॉर्सावर शस्त्रं टाकणाऱ्या विमानांना आमच्या धावपट्ट्यांवर उतरू देणार नाही. इटलीहून येणाऱ्या विमानाला परतीचं इंधन वाहावं लागायचं, म्हणून माल कमी बसायचा. पूर्वेला उतरायला मिळालं असतं तर त्याच विमानात जास्त माल आला असता. परवानगी मिळाली सप्टेंबरचे आठ-दहा दिवस उलटल्यावर, आणि तेव्हा शहर विझत आलं होतं. स्तालिनने आधी आकाश अडवलं, मग काठावर तोफा आवरल्या. दोन्हीकडे हात एकच. मग तुम्ही एका हत्याराला दोष आणि दुसऱ्याला मान का देता?

कन्ना चौक

बाई, सगळं खापर स्तालिनवर फोडणं सोपं आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला वॉर्साच्या ईशान्येला, राडझिमिन-वोवोमिनच्या बाजूला, जर्मनांच्या चिलखती तुकड्यांनी सोव्हिएतांच्या दुसऱ्या रणगाडा सेनेला जबर फटका दिला होता. ती सेना बेलारूसपासून शेकडो किलोमीटर धावत आली होती. माणसं थकलेली, इंधन मागे राहिलेलं. अशा फौजेने लगेच नदी ओलांडायला हवी होती असं नकाशाकडे बघून म्हणता येतं.

पण विमानांना उतरू न देण्याला कुठलंच लष्करी कारण नाही, हेही मान्य करतो. फौज थकते, परवानगी देणारी लेखणी थकत नाही.

पार्क मैदानाजवळचा जुना हवाईदलवाला

मी तीस वर्षं हवाई दलात होतो, जमिनीवरच्या कामात. विमानं भरणं आणि उतरवणं हेच माझं आयुष्य. भुईकोटवाल्यांनी परदेशातलं उदाहरण घेतलं आणि घरचं विसरले, म्हणून लिहितो. पुंछ.

नोव्हेंबर १९४७. पुंछ गाव चारी बाजूंनी वेढलेलं, आत थोडी फौज आणि आसपासच्या खेड्यांतून जीव वाचवून आलेले सुमारे चाळीस हजार निर्वासित. कमांडर प्रीतमसिंग. मोठी मदत लांब, जम्मूकडे, आणि रस्ता तुटलेला. भुईकोटवाल्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे हे गाव पडायला हवं होतं, कारण बाहेर पल्ल्यात कुठलीच मोठी तोफ नव्हती. ते वर्षभर टिकलं. नोव्हेंबर १९४८ मध्ये राजौरीकडून आलेल्या फौजेने वेढा फोडला तेव्हा आतली माणसं उभी होती.

कशी टिकली? निर्वासितांनी आणि जवानांनी मिळून फावडी-घमेली घेऊन धावपट्टी तयार केली. बायका, म्हातारे, सगळे. डिसेंबर १९४७ मध्ये एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तिथे पहिलं डाकोटा मालवाहू विमान उतरवलं. भोवती डोंगर, ओढे-नद्या, धावपट्टी आखूड. पुढे त्यांना महावीरचक्र मिळालं. त्यानंतर पीठ, मीठ, दारूगोळा येत राहिला. आणि ज्यावर मला जोर द्यायचाय ते असं: परत जाताना विमान रिकामं जात नसे. जखमी जात, लेकरं जात, बाया जात. डबा फक्त खाली येतो. उतरलेलं विमान माणूस घेऊन वर जातं. खाणारी तोंडं कमी होतात, जखमी वाचतो, त्याच्या शेजारच्या जवानाला धीर येतो की मला गोळी लागली तर मीही जाईन.

पुढे शत्रूने डोंगरावर तोफ चढवली आणि धावपट्टीवर गोळे पडायला लागले. तेव्हा काय केलं? पंचवीस पौंडी तोफाच डाकोटातून पुंछमध्ये उतरवल्या, रात्री. खाली दिवे म्हणून तेलाच्या पणत्या-कंदील. मी स्वतः मालाच्या दोऱ्या आवळलेला माणूस आहे. दीड टनापेक्षा जास्त वजनाची तोफ डाकोटात चढवणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. वजन एक वीत मागे सरकलं तर शेपूट खाली जातं आणि विमान उचलत नाही.

म्हणून म्हणतो, आकाशाला नावं ठेवू नका. डबे टाकणं आणि विमान उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तुम्ही एका पोत्यात भरल्यात.

भुईकोटाजवळचा

काका, हा फरक मी करायला हवा होता, बरोबर. पण तुमच्याच लिहिण्यात माझं म्हणणं आहे. धावपट्टीवर गोळे पडायला लागले तेव्हा पुंछला काय लागलं? तोफ.

स्टालिनग्राड बघा. नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मनांची सहावी सेना वेढ्यात सापडली, अडीच लाखांच्या वर माणसं. रोज किमान ३०० टन माल लागणार होता. धावपट्ट्या ताब्यात होत्या, विमानं उतरत होती, तरी सरासरी पडली १०० टनांच्या आसपास. १६ जानेवारी १९४३ ला पितोम्निकची धावपट्टी गेली, आठवड्याभरात गुमराकची. मग फक्त टाकलेले डबे, बर्फात हरवणारे. पंधरवड्यात सगळं संपलं. धावपट्टी शत्रूच्या तोफेच्या पल्ल्यात आली की विमान म्हणजे वरून दिसणारी आशा फक्त.

तोफखान्यातला

दोघांचंही वाचलं. मी देवळालीत शिकलेला तोफची, आता अक्कलकोट रोडला शेती बघतो. थोडा हिशेब मांडतो, मग बोलू.

पंचवीस पौंडी तोफेचा गोळा नावाप्रमाणे पंचवीस पौंड, म्हणजे ११ किलोच्या वर. त्याचं काडतूस वेगळं, पेटी वेगळी. सोडून द्या, नुसता गोळा धरा. डाकोटात माल बसतो अडीच-पावणेतीन टन. म्हणजे एका खेपेत जास्तीत जास्त २४० गोळे, प्रत्यक्षात बरेच कमी. आता तोफेने मिनिटाला चार गोळे सोडले तर एका तोफेने एका तासात पूर्ण विमान खाल्लं. एका तोफेने! आणि त्याच विमानात पीठही यायचंय, औषधंही यायचीत.

म्हणून वेढ्याच्या आत असलेली तोफ ही त्या गावातली सर्वांत खादाड तोंड असते. पुंछमध्ये गोळे मोजून वापरावे लागले असणार यात मला शंका नाही. बाहेरच्या तोफेचं तसं नसतं. तिच्यामागे रस्ता असतो, ट्रक असतो.

पण भुईकोटवाले, बाहेर तोफ आहे एवढ्याने काही होत नाही. तुमच्या लिहिण्यात हीच मोठी चूक आहे. तोफ आंधळी असते. तिला डोळे लागतात. कोहिमा घ्या. एप्रिल १९४४, जपान्यांनी कोहिमाचा डोंगर वेढला. आत अडीच हजार माणसं, त्यातली हजारभर लढणारी नव्हेत. आत एक पंचवीस पौंडी होती, पण उघड्यावर असल्याने शत्रूला दिसायची, वापरताच आली नाही. तीनेक किलोमीटरवर जोत्सोमाला १६१ व्या ब्रिगेडच्या पहाडी तोफा होत्या, त्या ब्रिगेडलाही वेढा. त्या तोफांनी कोहिमा राखलं. कसं? कोहिमाच्या खंदकात तोफखान्याचे निरीक्षक बसले होते, वायरलेस घेऊन. जपानी हल्ला आला की ते आकडे सांगायचे आणि गोळे आपल्याच खंदकांच्या पुढ्यात काही पावलांवर पडायचे. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर लढाई चालली होती, अलीकडे आपण, पलीकडे ते. एवढ्या अंतरात बाहेरून गोळा टाकायचा म्हणजे निरीक्षकाने ‘उजवीकडे ५०, कमी १००’ सांगताना जीभ अडखळली तर आपलीच माणसं मेली.

आम्हाला हे शिकवताना उस्ताद आधी डोळे मिटायला लावायचे. मग शेजारी जमिनीवर खडा टाकायचे आणि म्हणायचे, आवाजावरून सांग किती हात लांब. तीन दिवस सगळे चुकायचे. चौथ्या दिवशी एखादा बरोबर यायचा.

वॉर्साला पलीकडच्या काठावरच्या तोफांशी असा संबंध जुळला तो सप्टेंबरच्या मध्यानंतर. सहा आठवडे आतले लोक लंडनशी बोलत होते, लंडन मॉस्कोशी, आणि काही किलोमीटरवरच्या तोफेशी थेट कोणीच नाही. मी तोफखान्याचा माणूस आहे, तरी सांगतो: पहिल्या आठवड्यात वॉर्सावर टाकायला एकच डबा निवडायचा असता तर मी त्यात लाल सैन्याच्या तोफखान्याशी बोलणारा वायरलेस आणि तो चालवणारा माणूस टाकला असता.

नव्या पेठेतली शिक्षिका

आणि पलीकडून उत्तर दिलं नसतं तर?

तोफखान्यातला

तर नाही. ते माझ्या हिशेबात बसत नाही, बाई. मान्य.

पूर्व भागातला मागवाला

मी यंत्रमागावर वाढलो. आमचं घर तीन पिढ्यांचं विणकर. युद्धातलं मला जास्त कळत नाही, पण पॅराशूट म्हणजे कापड, आणि कापडावर बोललेलं कुणी दिसलं नाही म्हणून लिहितो.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४४ मध्ये स्लिम साहेबांच्या चौदाव्या सेनेला पॅराशूट कमी पडले. रेशीम नाही, वेळ नाही. तेव्हा कलकत्त्याच्या ताग गिरण्यांतून तागाच्या कापडाचे पॅराशूट करून घेतले. त्याला ‘पॅराजूट’ म्हणायचे. नेहमीच्या पॅराशूटच्या तुलनेत किंमत नगण्य, आणि काम जवळपास ८५ टक्के. माणसासाठी नाही, मालासाठी. रेशमी पॅराशूटला वर मध्यभागी हवा जायला भोक ठेवावं लागतं, नाहीतर तो झोके खातो. तागाच्या कापडाची वीणच अशी सैल ठेवली की हवा धाग्यांतून झिरपून जायची, भोकाची गरजच नाही. आमच्यातला कुठलाही जुना माणूस हे वाचून मान डोलवेल. उभा धागा किती, आडवा किती, यावर कापड श्वास घेतं की गुदमरतं हे ठरतं. एक-दोन धागे इंचाला जास्त बसले तर तोच पॅराशूट थरथरून फाटणार.

आणि पॅराशूटशिवाय टाकायचं असेल तर? सोव्हिएतांनी वॉर्सावर १३ सप्टेंबरपासून लहान पो-२ विमानांतून रात्री पोती टाकली, पॅराशूट न लावता. विमान खूप खाली, इंजिन बंद करून यायचं म्हणे, माल बरोबर जागेवर पडायचा. पण बंदुका वाकायच्या, काडतुसं खराब व्हायची. धान्य मात्र टाकता येतं, रीत माहीत असेल तर. ब्रह्मदेशात तांदूळ असाच टाकायचे: पोतं काठोकाठ भरायचं नाही, आणि ते दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचं. आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं.

हे मी खरं करून पाहिलं. परवा माझ्या मेव्हण्याच्या दुकानातलं ज्वारीचं पोतं दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली टाकलं. काठोकाठ भरलेलं होतं. शिवण उसवली, ज्वारी गटारीपर्यंत गेली, आईने बोल लावले. मग निम्मं भरून, सुतळीने सैल बांधून, दुसऱ्या पोत्यात घालून टाकलं. आतलं फाटलं, बाहेरचं धड. मूठभरसुद्धा सांडली नाही. मार्केट यार्डातल्या हमालाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

मला एवढंच म्हणायचंय, की डबे टाकून उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी डबे कसे टाकले ते बघावं. चार-पाच हजार मीटरवरून टाकलं तर गावाबाहेर जाणारच. दोष उंचीचा आहे.

भुईकोटाजवळचा

अण्णा, ज्वारीच्या पोत्याचं वाचून मी दोनदा थांबलो. पण उंचीचा दोष असा सुटा काढता येत नाही. अमेरिकन विमानं वरून का गेली? दिवसा खाली आली असती तर विमानविरोधी तोफांनी भाजून काढली असती. इटलीहून येणारे रात्री खाली यायचे, त्यांचा माल बरा पडायचा, आणि तेच मरायचे. म्हणजे पुन्हा शत्रूच्या तोफा. कोणीतरी त्या तोफा दाबल्याशिवाय विमान खाली येऊ शकत नाही. दिएन बिएन फूला १९५४ मध्ये हेच झालं. फ्रेंचांनी दरीत ठाण मांडलं, मधोमध धावपट्टी, सगळा पुरवठा विमानाने. व्हिएतनामी लोकांनी माणसांच्या खांद्या-हातांनी तोफा डोंगरात ओढून नेल्या आणि कड्यांच्या पोटात दडवल्या. १३ मार्चला मारा सुरू झाला. या तोफा मी गप्प करतो, असा शब्द दिलेला फ्रेंच तोफखान्याचा प्रमुख दोन दिवसांत स्वतःच्या हाताने मेला. मार्चअखेर धावपट्टी बंद. मग डबे, तेही आक्रसत जाणाऱ्या जागेवर, आणि विमानं आगीपासून वाचायला वर-वर जाणारी. ७ मे ला ठाणं पडलं.

पार्क मैदानाजवळचा जुना हवाईदलवाला

दिएन बिएन फू हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे, कबूल. पण तुम्ही ज्या सहजतेने ‘तेच मरायचे’ लिहिलंत ते मला लागलं.

भूमध्य समुद्रावरच्या ब्रिटिश हवाई दलाचे प्रमुख स्लेसर यांना ही उड्डाणं नको होती. हिशेबात बसत नव्हतं, आणि माणूस म्हणून ते चूक नव्हते. आपल्या पोरांना मरायला पाठवायचं आणि खाली किती पोचलं ते कळायचंही नाही. तरी उड्डाणं झाली. पोलिश तुकडी तर स्वतःच्या गावावर उडत होती. दक्षिण आफ्रिकेच्या पोरांचं वॉर्सात कोण होतं? कोणीच नाही. केपटाऊनकडचा विशीतला मुलगा, आयुष्यात पोलंड न बघितलेला, विस्तुलावर दीडशे मीटरवर आला आणि तिथेच राहिला.

आपल्या गावातून १९३८ साली डॉक्टर कोटणीस चीनला गेले. त्यांनी किती जखमी वाचवले याने युद्धाचा निकाल बदलला नाही. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात आपण पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा टनांचा हिशेब काढतो का? मदतीचं मोल फक्त ‘शहर पडलं की राहिलं’ यावर लावू नका, एवढंच मागणं.

तोफखान्यातला

काका, मोल आणि उपयोग वेगळे. सेनापतीला उपयोगच बघावा लागतो. तीस विमानं भरून माणसं गेली, हे त्यांच्या शौर्याबद्दल सांगतं. पाठवणाऱ्याच्या निर्णयाबद्दल ते काहीच सांगत नाही. आमच्याकडे गोळा चुकला तर निरीक्षकाला तो किती धाडसाने बसला होता हे कोणी विचारत नाही.

कोल्हापूरहून

मी सोलापूरचा नाही, पण विषय निघालाय म्हणून. कोल्हापूरजवळ वळिवडेला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. वॉर्सा जळत होतं ते ६३ दिवस ही माणसं आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यात होती, आणि जे वळिवड्यात बसून बातम्या ऐकत होते त्यांना स्तालिनच्या परवानगीबद्दल कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते त्याच्याच छावण्यांतून आले होते. कन्ना चौकवाल्यांनी सैन्य थकलं होतं म्हटलं. खरं असेल. त्या बायकांनी ते मानलं असतं असं वाटत नाही.

मोहोळचा नातू

सगळं वाचलं. बाजू घ्यायला आलो नाही, पण माझ्याकडे एक गोष्ट आहे ती कुणाच्याच बाजूची नाही.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये ही पलटण सांगशाकला होती, मणिपूरच्या डोंगरात, पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर. जपान्यांनी चारी बाजूंनी वेढलं. टेकडीवर खडक इतका वर की खंदक तीन फूटसुद्धा खोदता येईना. पाणी नाही. पहाडी तोफा होत्या, पण गोळे संपत आले. विमानातून माल यायचा आणि बहुतेक पॅराशूट टेकडीच्या पलीकडे, जपान्यांत पडायचे. आजोबा सांगायचे, तहानेने जीभ टाळ्याला चिकटलेली आणि समोरच्या उतारावर आपलेच डबे ते उघडतायत हे बघायचं. २६ तारखेच्या रात्री उरलेले लोक वेढ्यातून बाहेर पडले. ती टेकडी गेली. पण त्या पाच दिवसांनी इम्फाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला.

म्हणून भुईकोटवाल्यांचं पटतं. डबे शत्रूला गेले.

पण आजोबा हे सांगून झालं की थांबायचे आणि एका विमानाचं सांगायचे. बाकी सगळी वरून जायची. हे एक खाली आलं, इतकं की सगळ्यांनी डोकी खाली घातली. त्याने टाकलं ते सगळं आमच्यात पडलं. पुन्हा वळून आलं, पुन्हा आमच्यात. खालून गोळ्या सुटत होत्या त्याच्यावर. आजोबांना त्यात काय काय मिळालं ते कधी आठवलं नाही, मी किती वेळा विचारलं. विमानाच्या उघड्या दारात एक माणूस पाय रोवून उभा होता आणि पायाने गठ्ठे ढकलत होता, एवढं आठवायचं. त्याच्या अंगातला सदरा वाऱ्याने फुगला होता, आणि एका हाताने त्याने दाराची कड धरली होती.